घरी विचारून सांगतो

किरायाची खोली बघायला गेलात की तुम्ही आधी काय बघता: नळाचं पाणी, की घरमालकाची जात?

'छे, आम्ही असलं काही बघत नाही,' असं म्हणायच्या आधी जरा थांबा. असं म्हणणारी बरीच माणसं आमचा जिना चढून वर गेली आहेत. खाली उतरल्यावर ती काय म्हणाली तेही मला पाठ आहे. सगळी एकच वाक्य म्हणाली. त्या वाक्याकडे मी येतेच.

आधी घर. हिंगोलीत रेल्वे रुळाच्या पलीकडे नवे प्लॉट पडले तेव्हा आईने त्यातला एक घेऊन ठेवला होता, मग जमेल तसं त्यावर खालचं घर बांधलं. आई नर्स. गोरेगावच्या बाजूला खेडोपाडी तिने बाळंतपणं केली, लेकरांना लसी टोचल्या, रात्रीअपरात्री जीपमध्ये दाटीवाटीने बसून पेशंटबरोबर हिंगोली गाठली. पण कागदावर ती शेवटपर्यंत कंत्राटी राहिली. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही. एक दिवस त्याची पुढची ऑर्डर निघत नाही, एवढंच. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, पेन्शन तर नाहीच. वडील त्याच्या आधीच गेले होते. तेव्हा आईने जमवलेलं सगळं घातलं आणि आमच्या घरावर दोन खोल्या चढवल्या. वरच्या मजल्याचा किराया हेच तिचं पेन्शन.

"सरकारनं न्हाई दिलं, तर स्लॅब देईल," असं ती गवंड्याला म्हणायची.

नोकरीभर ती दुसऱ्यांच्या खोल्यांत किरायाने राहिली होती, त्यामुळे किरायदाराला काय बोचतं ते तिला बरोबर ठाऊक होतं. जिना तिने बाहेरून काढला. "घरमालकाच्या खाटेसमोरून जावं लागलं की किरायदार चोरावानी चालतो," ती म्हणाली. ओट्याची उंची स्वतः उभी राहून ठरवली. भिंतीत खुंट्या ठोकून घेतल्या, म्हणजे येणाऱ्याने खिळे ठोकून प्लास्टर फोडू नये आणि त्यावरून आपलं तोंड वाजू नये. वर वेगळं मीटर, वेगळी टाकी. मी तिच्याकडे बघत होते आणि फोनवर 'भाडेकरू कसा निवडावा' हे वाचत होते. त्यात सगळं होतं. करार अकरा महिन्यांचा करा, ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या, आधीच्या घरमालकाला फोन करून चौकशी करा. भाडेकरूची चौकशी कशी करायची ते इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं की भाडेकरूच मालकाची चौकशी करील.

गवंडी आमच्या पाहुण्यांपैकी होता. काम संपताना त्याने स्वतःच्या हौसेने, वर पैसे न घेता, गच्चीच्या कठड्यावर मधोमध सिमेंटचं धम्मचक्र काढलं. आम्ही बौद्ध. त्याला वाटलं, बहिणीला भेट द्यावी. हात मजबूत पण नक्षीची सवय नव्हती, त्यामुळे आरे जरा तिरके पडले आणि चक्र एका बाजूला कलल्यासारखं दिसू लागलं. त्याला निळा रंग दिला. रस्त्याच्या टोकावरून घर दिसायच्या आधी ते चाक दिसतं. घरात आम्ही त्याला चाकच म्हणतो. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने वर बघून आईला विचारलं, "साहेब ड्रायव्हर होते का?"

"व्हय," आई म्हणाली. "लांबच्या गाडीवर."

तर खोल्या तयार झाल्या, आणि पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी पत्रकांवर वाढले. वडील शाळेत शिपाई होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे: वसतिगृहाच्या जेवणावर, बंद पडलेल्या हातपंपावर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर. रंगीत, पातळ, बोटाला शाई लागणारी. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. आमच्या घरात साखरेपेक्षा उद्गारचिन्हं जास्त होती. आजही मी क्लासमध्ये मुलांना मराठी शिकवते, लेख लिहिते, पण हातात मार्कर आला की पहिली ओळ आपोआप येते. तशी ती आली. मी मोठ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहिलं:

'जाहीर आवाहन! नागरिक बंधू-भगिनींनो! निवारा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. या ठिकाणी जात, धर्म व ताटातलं जेवण न विचारता दोन खोल्या किरायाने दिल्या जातील. तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे.'

शेवटचं वाक्य माझ्या लक्षातही आलं नाही. पत्रक त्या वाक्याशिवाय संपतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी काठी टेकून उभे. "किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कार्यक्रम."

समोरच्या प्लॉटवरच्या बाईने भिंतीवरून मान काढली. "जेवण ठिवलं का वो, सिस्टर?" मग मोटारसायकलवर एक पोलीस आला. तो बिचारा सभ्य होता. त्याने पुठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मला विचारलं की परवानगी घेतली का आणि भोंगा लावणार का. मी त्याला म्हटलं की खोल्या किरायाने द्यायच्या आहेत. त्याने पुन्हा वाचलं. "मग तसं लिहा ना, मॅडम," तो म्हणाला.

आई ओसरीवर तूर निवडत होती. पोलीस गेल्यावर तिने सूप खाली ठेवलं. "दोन खोल्यांत बहुसंख्येनं कोन मावंल गं?"

पुठ्ठा काढला. एजंट आला. बस स्टँडच्या बाजूला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच तो गाड्यांचा विमा उतरवतो, प्लॉट दाखवतो, खोल्या लावून देतो. त्याने छोट्या पाटीवर लिहिलं: 'दोन रूम किरायाने. फॅमिली. पाणी भरपूर.' खाली आईचं आडनाव आणि नंबर. आमचं आडनाव असं आहे की ते आमच्यात सापडतं, मराठ्यांत सापडतं आणि आणखी दोन-चार जातींत सापडतं. त्यामुळे फोनवर काही कळत नाही. फोनवर आम्ही सगळ्यांना आवडतो.

लोक येऊ लागले. पहिलं कुटुंब मला चांगलं आठवतं. नवऱ्याचं वारंगा फाट्यावर मोबाइलचं दुकान होतं, लेकरांच्या शाळेसाठी त्यांना हिंगोलीत यायचं होतं. नवरा, बायको, सासू, दोन लेकरं, सगळे आले. बाई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला पोट लावून उभी राहिली. "आवं, बघा की, माज्याच मापाचा हाय!" सासूने खुंट्या मोजल्या. नवऱ्याने नळ सोडला आणि पाण्याची धार बघून मान डोलावली. लेकरं तर गच्चीवर आपापली जागा वाटून घेऊन भांडायलाही लागली होती.

मग ते गच्चीवरून चाकाच्या पाठीमागे गेले. पाठीमागून ते नुसतं सिमेंट दिसतं. येताना सगळ्यांची नजर पाटी शोधण्यात होती; आता खाली उतरून अंगणात आल्यावर सासूबाईंनी मान वर केली, आणि समोरून ते निळं दिसलं. मग उघड्या दारातून बैठकीतला फोटो दिसला.

"तुमी कोनापैकी म्हनायचे?" सासूबाईंनी विचारलं.

"बौद्ध," आई म्हणाली. तिला हा प्रश्न नवा नाही. ती वेळ विचारल्यासारखं उत्तर देते.

"असं का. चांगलंय की. आता काय, सगळे सारखेच." सुनेने मघाशी ओट्यावर ठेवलेला हात साडीला पुसला, ओटा तर वर राहिला होता. नवऱ्याने फोन काढून त्याच्याकडे बघितलं. आणि मग ते वाक्य आलं.

"घरी विचारून सांगतो."

घरी! अख्खं घर आमच्या अंगणात उभं होतं. सासू, सून, लेकरं, सगळे. आता घरी विचारायला कोण उरलं होतं, कुलूप?

मी तसं म्हणणारच होते. आईने माझा हात दाबला. "विचारा की," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

त्यांचा फोन आला नाही. त्यानंतर शाळेतले एक सर आले, सेनगावच्या लाइनवर जीप चालवणारा एक जण आला, विम्याच्या कामातलं नवं लग्न झालेलं जोडपं आलं. आमच्यातलेही दोघे येऊन गेले. एकाची बदली रद्द झाली, दुसऱ्याला तीन खोल्या हव्या होत्या, आणि त्या दोघांनी तसं फोन करून सांगितलं. बाकीच्यांनी एकच वाक्य सांगितलं. कुणी आईच्या हातचं पाणी प्यायलं, कुणी उपवास आहे म्हणालं. पाण्याचासुद्धा उपवास असतो हे मला तेव्हा कळलं. एका गृहस्थांनी जिना चुकीच्या दिशेला आहे असं सांगितलं; जिना चढण्याआधी ती दिशा त्यांना चालत होती.

आणि या सगळ्यात आई रोज सकाळी मोटार लावून वरची टाकी भरत होती. बोअरचं पाणी उन्हाळ्यात आधीच खोल गेलेलं. पण 'सांगतो' म्हणून गेलेला माणूस कधीही सामान घेऊन दारात उभा राहील, आणि आल्याआल्या नळ कोरडा असला तर काय वाटेल त्याला? म्हणून ती टाकी भरून ठेवायची. पाणी शिळं झालं की बादल्या खाली आणून झाडांना घालायची आणि पुन्हा भरायची. तिचे गुडघे बाळंतपणांत उकिडवं बसून बसून गेलेले. मी म्हणायचे, "नको भरू, कुणी येत नाही." ती म्हणायची, "न्हाई तर म्हनले न्हाईत ना ते."

खरंच, नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं. हीच त्या वाक्याची बदमाशी आहे. 'तुमची जात आम्हाला चालत नाही' असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते, त्यावर लिहिलं असतं, ठाण्यात गेले असते. 'घरी विचारून सांगतो' याच्याशी कसं भांडायचं? ते नम्र आहे. त्याला हात जोडलेले आहेत. पत्रक कशावर काढू, नम्रतेवर?

एक दिवस एजंट खुर्ची ओढून बसला. "सिस्टर, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला."

"ते चाक."

"चाकाचं काय?" मी आतून बाहेर आले.

"काढा म्हनत न्हाई मी, ताई. पन झाकता येतंय. रोपाचा येल सोडा वरून. माणूस आधी आत येऊ द्या, राहू द्या, तुमचा सभाव बघू द्या. मग कळलं तरी काय वाटत न्हाई त्याला."

"म्हणजे आधी फसवायचं आणि मग आवडायचं?"

"ताई," तो थकून म्हणाला, "मी धंदा करून राहिलो. समाजसुधारना तुमी करा, तुमाला बराबर जमती. तकलीफ मात्र सिस्टरला होऊन राहिली, तेवढं बघा."

मी त्याला बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं वडिलांच्या पत्रकांतलं होतं. तो चहा पिऊन गेला. आई त्याचा कप विसळता विसळता वर कठड्याकडे बघत राहिली, आणि तिथेच मला कळायला हवं होतं.

कारण पुढच्या रविवारी एक कुटुंब बघायला येणार होतं, आणि क्लासवरून येताना मला रस्त्याच्या टोकावरून चाक दिसलं नाही. तिथे वाकळ होती. आईची जुनी, लुगड्याच्या घड्या घालून शिवलेली जाड वाकळ, कठड्यावरून बरोबर मध्यभागी सोडलेली. मी वर गेले, हात लावून बघितला. कोरडी ठणठणीत.

"आई, ही काहून टाकली?"

"वाळाया."

"वाळलेली आहे ही."

"मंग आनखी वाळंल."

"तू चाक झाकून राहिलीस!"

"वाकळ वाळू घालनं बी गुन्हा हाय का आता? लिही त्याच्यावर पत्रक."

मी लिहिलं असतं. मी तिला म्हटलं की आपल्याच घराच्या कपाळावर आपणच पदर ओढायचा असेल तर घर बांधलं कशाला. ती म्हणाली, घर राहायला बांधलं, वरचा मजला जगायला बांधला, आणि तुझ्या पत्रकानं गॅसची टाकी भरत न्हाई. मी म्हटलं, क्लासच्या पगारात मी भागवीन. ती हसली. त्या हसण्याने मला जास्त राग आला. क्लासचा पगार सुट्ट्यांत बंद होतो हे तिला माहीत होतं. त्यानंतर कुणी बघायला येणार असलं की वाकळ बाहेर यायची आणि मी ती काढायची. कधी मी जिंकायचे, कधी ती. ज्या दिवशी मी क्लासला असायचे त्या दिवशी तीच जिंकायची.

अशाच एका वाकळेच्या दिवशी तो पोरगा आला. पंचविशीचा, सरकारी कार्यालयात नव्याने लागलेला क्लार्क. घर औंढ्याकडे, घरचे तिथल्या देवळात पूजेच्या सेवेला. एजंटने सांगितलं, एकटा आहे, 'फॅमिली' नाही, पण लग्न ठरेलच. पोरगा वर गेला, खाली आला. बैठकीचं दार त्या दिवशी लोटलेलं होतं. आईने पाणी दिलं, त्याने उभ्याउभ्या प्यायलं. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

"घेतो, काकू," तो म्हणाला. "पहिल्या तारखेला येऊ का?"

आईने एकदम खुर्चीच्या पाठीला धरलं. मी मुद्दाम म्हटलं, "घरी विचारायचं नाही?"

"घरी काय विचारायचं? राहायचं मला आहे."

मला तो आवडला, हे सांगायलाच हवं. करार मी स्वतः वाचून दाखवला, त्याने सही केली. तो राहायला आला त्या दिवशी वाकळ आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. चाक उघडं झालं. त्याने ते पाहिलं, पुढेही रोज पाहत राहिला, आणि कधी काही म्हणाला नाही. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला.

मग आमच्यात साधी, चारचौघांसारखी घरमालक-किरायदाराची भांडणं सुरू झाली, आणि मला ती फार आवडायची. तो गाडी फाटकाच्या तोंडाशी लावायचा. नळ चालू ठेवून ऑफिसला जायचा. आई जिन्यातून ओरडायची, "साहेब, तलाव भरून राहिला का तुमी वर? सिद्धेश्वरचं धरन पुरत न्हाई का?" तो धावत जाऊन नळ बंद करायचा. एक दिवस जिन्यात अंड्याचा वास आला. थोड्या वेळाने तो तोंड बारीक करून खाली आला.

"काकू, वास आला का?"

"कशाचा?"

"नाही… आमच्या घरी हे चालत नाही. घरचं कुणी आलं तर सांगू नका, हं."

"मला तर काय वास न्हाई आला," आई म्हणाली. "पन कांदा बारीक चिरत जा. करपल्याचा वास येऊन राहिला."

त्याचं गुपित आम्ही जपलं. आम्ही स्वतःच त्याचं आणखी एक गुपित आहोत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो खाली आला आणि किल्ली बोटावर फिरवत उभा राहिला. आई भाकरी थापत होती, मी वह्या तपासत होते.

"काकू, उद्या आई येणार आहे. दोन दिवस."

"येऊ द्या की. गादी हाय का दुसरी? न्हाई तर देते."

"आहे गादी. फक्त…" किल्ली थांबली. "ती वाकळ तेवढी वाळू घालता का उद्या?"

तव्यावरची भाकरी फुगली आणि आईने ती उलटली नाही.

"कोनती वाकळ?"

"तीच. मी खोली बघायला आलो त्या दिवशी होती ना वर. तशीच." तो घाईघाईने बोलू लागला. "मला काही नाही, काकू. तुम्हाला माहीत आहे. मी रोजच बघतो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, कोरडी वाकळ कोण वाळू घालतं? पण आईचं वय झालंय. घरी मी तुमचं आडनाव सांगितलंय फक्त. त्यांनी त्यांचं त्यांचं समजून घेतलं. मी खोटं काही बोललो नाही."

मी उठले होते. माझ्या तोंडात सगळी पत्रकं एकदम आली होती. पण आई माझ्या आधी बोलली, आणि अगदी साध्या आवाजात.

"वाकळ धुतली न्हाई."

"अहो, धुवायची गरजच नाही, नुसती टाकायची…"

"बिनधुतली वाळू घालीत न्हाईत आमच्यात."

त्याने किल्ली खिशात टाकली. मग "बरं," म्हणून वर गेला. भाकरी करपली होती. आईने ती स्वतःच्या ताटात घेतली. मी तिला विचारलं की जी वाकळ ती माझ्याशी भांडून टाकत होती, ती आज का नाही. ती म्हणाली, "मी टाकत व्हते ते परक्यासाठी. हा घरातला हाय." एवढंच. मला ते तेव्हा पटलं, आणि आज त्याचाच जास्त त्रास होतो.

त्याची आई आली. बारकी, गुडघ्यात वाकलेली बाई. रिक्षातून उतरताना तिने वर बघितलं, चाकाकडे बघितलं, आणि पोराकडे बघितलं. पोरगा बॅग उचलायला वाकला. त्या वर गेल्या. संध्याकाळी त्या एकट्या खाली आल्या, भिंतीला धरून. "तुम्ही नर्स ना? हा म्हणत होता. माझा गुडघा बघता का जरा?"

आईने त्यांना खाटेवर बसवलं, गुडघा दाबून बघितला, पट्टा बांधून रक्तदाब मोजला. त्यांनी हात पुढे केला, काढून घेतला नाही. कुठली गोळी घेता, मीठ कमी करा, जिना उलट्या पायाने उतरू नका, असं बोलणं झालं. चहा झाला. त्यांनी प्यायला. मग कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तुमचे पाहुणे कुठले?"

"कळमनुरीकडचे. बौद्ध हाव आमी."

"हो, कळलं ते," त्या म्हणाल्या. "हवा छान येते हो वर. जपा माझ्या लेकराला."

त्या गेल्यावर मी आईला मिठीच मारणार होते. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर. चाक उघडं, चहा प्यायलेला, गुडघ्यावर हात. मी एक लेखसुद्धा लिहायला घेतला होता आणि त्याचा शेवट आनंदाचा होता. तो लेख अर्धा राहिला ते बरं झालं.

कराराचे महिने संपत आले तेव्हा मी नव्या कराराचा कागद घेऊन वर गेले. त्याने दार उघडलं. कागद हातात घेतला, वाचला, परत दिला.

"ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

मी कागदाची घडी घालून जिन्याकडे वळले. मी बोलायला हवं होतं की नाही, हे आजही ठरवता येत नाही. ज्याने 'घरी काय विचारायचं, राहायचं मला आहे' असं म्हटलं होतं, त्याच तोंडातून ते वाक्य ऐकताना मला राग यायच्या आधी जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

महिनाअखेरीला टेम्पो आला. ऑफिस लांब पडतं, असं त्याने एजंटला सांगितलं होतं. ऑफिस जिथे होतं तिथेच होतं. त्याने आईच्या पायाला हात लावला. तिने त्याला डबा दिला. त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "फोन करतो, काकू." मी विचारलं, "कशासाठी?" तो टेम्पोत जाऊन बसला. चहा त्याच्या आईने प्यायला होता, गुडघा दाखवला होता, 'जपा' म्हटलं होतं. मग औंढ्याच्या घरात काय बोलणं झालं? कोण काय म्हणालं? त्याची आई, मामा, की शेजारी? मला ते कधीच कळणार नाही. कारण त्या वाक्यात 'घर' नावाचं कुणीतरी असतं, ते कधी समोर येत नाही, आणि शेवटचा शब्द मात्र त्याचाच असतो.

खोल्या पुन्हा रिकाम्या आहेत. आईची कमाई पुन्हा बंद आहे. एजंट अधूनमधून माणसं आणतो, आणि वाकळेचं नाव आता तोही काढत नाही. वाकळ आईच्या खाटेवर असते. थंडीत ती अंगावर घेते. मी नवी पाटी लिहिली आहे. या वेळी छोटी. वर चाक काढलंय, तिरकंच, आणि खाली: 'दोन खोल्या किरायाने. आम्ही बौद्ध आहोत. चालत नसेल तर इथेच सांगा.' आईने ती वाचली. "उद्गारचिन्ह काहून न्हाई?" तिने विचारलं. मग म्हणाली, राहू दे.

परवा एक जोडपं येऊन गेलं. पाटी वाचूनच आत आले होते. खोल्या बघितल्या, ओटा बघितला, नळ सोडला. जाताना नवरा म्हणाला, "घरी विचारून सांगतो." आज सकाळी मी उठले तेव्हा मोटार चालू होती आणि आई एक एक पायरी धरत टाकी भरली का बघायला वर चालली होती.

म्हणून तुम्हाला एक मागते. पत्रक समजा हवं तर. तुमच्या फोनमध्ये कुठल्यातरी घरमालकाचा असा एक नंबर असेल, ज्याला तुम्ही 'विचारून सांगतो' म्हणालात आणि मग सांगितलं नाही. तो काढा. आज लावा. हो असेल तर हो म्हणा. नाही असेल तर नाही म्हणा, आणि का नाही तेही त्याच फोनवर, स्वतःच्या तोंडाने सांगा. पलीकडच्या माणसाला राग येईल, कदाचित तो तुम्हाला बोलेल. ऐकून घ्या. पण फोन करा, म्हणजे त्याला रोज सकाळी तुमच्यासाठी टाकी भरून ठेवायला लागणार नाही.